अभिजात चित्रपटांच्या परिवर्तित आवृत्त्या : संहिता आणि बाजार

प्राचीन ग्रंथांच्या अभ्यासकाला संहितेचा प्रश्न नवा नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती मूळ ओव्यांत मिसळलेले अपपाठ निवडून काढण्यासाठीच. आणि पुढे कोणी आपली ओवी तीत घालू नये, असे बजावण्यासही ते विसरले नाहीत. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये आरंभलेले महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे कार्य १९६६ मध्ये पुरे झाले, तोवर विद्वानांच्या एका पिढीहून अधिकांचे आयुष्य प्रक्षेप ओळखण्यात खर्ची पडले होते. ह्या दोन्ही उदाहरणांत भर घालणारा हात अज्ञात आहे. त्याने आपली रचना घुसडली ती गुपचूप, मूळ कवीच्या नावामागे दडून. चित्रपटाच्या क्षेत्रात मात्र ही स्थिती नेमकी उलटी दिसते. तेथे प्रक्षेपकर्ता अज्ञात नसतो. बहुधा तो त्या कृतीचा कायदेशीर मालकच असतो. आणि आपण काय घातले हे लपविण्याऐवजी तो त्याची जाहिरात करतो, कारण ती भर हेच तिकीट विकत घेण्याचे प्रयोजन म्हणून त्याला प्रेक्षकापुढे ठेवावयाचे असते.

अभिजात ठरलेला चित्रपट काही वर्षांनी रंगवून, त्रिमिती करून, कापून वा वाढवून, क्वचित त्याचा शेवटच पालटून पुन्हा चित्रगृहांत आणण्याच्या ह्या व्यवहाराविषयी दोन मते नेहमी मांडली जातात. ही कलेची विटंबना आहे, हे एक. आणि नव्या पिढीपर्यंत जुनी कृती पोहोचत असेल तर त्यात वावगे काय, हे दुसरे. दोन्ही मते रुचीच्या पातळीवरच घोटाळत राहतात. वस्तुतः विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. परिवर्तित आवृत्ती धंद्याच्या दृष्टीने यशस्वी झाली, म्हणजे मूळ संहितेचे काय होते? पुस्तकाची सुधारलेली आवृत्ती निघाली तरी पहिली आवृत्ती कोठल्यातरी ग्रंथालयाच्या फडताळात टिकून राहते आणि चिकित्सकाला ती पुढे ठेवून ताडून पाहता येते. चित्रपटाला असे फडताळ नाही. त्याची जुनी प्रत वितरणातून गेली, की संग्रहालयाच्या तळघरात ती असो वा नसो, प्रेक्षकाच्या दृष्टीने ती नाहीशीच होते. हानी होते ती रंगवण्याने नव्हे. रंगवलेली प्रत एकटीच उरण्याने.

पुनःप्रदर्शन ही गोष्ट स्वतः जुनीच आहे. दूरचित्रवाणी घरोघरी पोहोचण्यापूर्वी गाजलेला चित्रपट पुन्हा पाहण्याचा तोच एक मार्ग होता. महाराष्ट्रातील शहरांत सकाळच्या किंवा मॅटिनीच्या खेळाला जुने चित्रपट लागत, आणि वितरकाला त्यात फारशी जोखीम नसे. निर्मितीचा खर्च केव्हाच वसूल झालेला, उरला तो नव्या प्रतींचा आणि भित्तिपत्रकांचा. ह्या व्यवहारात विकली जात होती ती आठवण. आठवण पुरेनाशी झाली तेव्हा तिला नवेपणाची जोड देण्याची युक्ती निघाली. ‘गॉन विथ द विंड’ (१९३९) हा चित्रपट १९६७ मध्ये सत्तर मिलिमीटरच्या रुंद पडद्यावर आणण्यात आला, तेव्हा मूळ चौकटीचा वरचा आणि खालचा भाग छाटून टाकावा लागला. पडदा मोठा झाला आणि चित्र लहान झाले. ह्यातील विनोद जाहिरात करणाऱ्यांच्या लक्षात आला असेल असे वाटत नाही.

कर्त्याने स्वतःच आपल्या कृतीत केलेला बदल हा ह्याहून वेगळा मानला पाहिजे. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये प्रदर्शित केला आणि १९१७ मध्ये तीच कथा पुन्हा चित्रित करून ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ ह्या नावाने लोकांपुढे आणली. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेली रिळे ह्यांपैकी कोणत्या चित्रपटाची, ह्याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत, आणि ती १९१७ ची असावीत असे मानणाऱ्यांचा पक्ष दुबळा नाही. तो खरा धरल्यास पहिल्या भारतीय कथापटाच्या छायाचित्रणाविषयी आणि अभिनयाविषयी आजवर जे लिहिले गेले, त्यातील बराच भाग दुसऱ्याच कृतीविषयी आहे असे म्हणावे लागेल. चॅप्लिन यांनी ‘द गोल्ड रश’ (१९२५) हा मूकपट १९४२ मध्ये मथळ्यांच्या पाट्या काढून, स्वतःच्या आवाजातील निवेदन व नवे संगीत घालून पुन्हा प्रदर्शित केला. शेवटचे चुंबनही त्यांनी गाळले. त्या निवेदनाने मूकपणाचा नाजूक विनोद पुष्कळ ठिकाणी बोथट केला आहे. परंतु हात चॅप्लिनचाच होता, आणि एका कलावंताने आपल्या तरुणपणीच्या कृतीकडे उतारवयात कसे पाहिले, ह्याचा तो पुरावा म्हणून तरी मोलाचा आहे. खरी अडचण सुरू होते ती कर्ता हयात नसताना, किंवा हयात असूनही त्याला न विचारता, मालक जेव्हा संहितेला हात घालतो तेव्हा.

ह्या दृष्टीने भारतीय चित्रपटांत ‘मुघल-ए-आझम’ इतके बोलके उदाहरण दुसरे नाही. के. आसिफ यांचा हा चित्रपट ५ ऑगस्ट १९६० रोजी प्रदर्शित झाला. मुंबईत मराठा मंदिर चित्रगृहाशी त्याचे नाव कायमचे जोडले गेले. त्याचे चित्रीकरण इतकी वर्षे रेंगाळले, की मध्यंतरी रंगीत छायाचित्रणाचे तंत्र भारतात सुलभ झाले. आसिफ यांनी काही भाग रंगीत चित्रित केला, आणि त्याच्या परिणामाने ते इतके भारले गेले, की सगळा चित्रपट पुन्हा रंगात घ्यावा अशी त्यांची इच्छा झाली. वितरकांचा धीर सुटला होता. त्यांनी ते होऊ दिले नाही. परिणामी जी कृती लोकांपुढे आली तिचा सुमारे १५ टक्के भाग रंगीत आणि उरलेला कृष्णधवल होता. शीशमहालातील नृत्यगीत आणि अखेरीचा काही भाग हे ते रंगीत अंश.

ही मिश्रता तडजोडीतून आली हे खरे. तिचा कलात्मक परिणाम मात्र तडजोडीचा नाही. चित्रपटाचा बहुतेक भाग प्रेक्षक अकबराच्या दरबाराच्या करड्या शिस्तीत वावरतो. तेथील स्तंभ, तराजू, बेड्या, तुरुंगाच्या भिंती ही सर्व प्रकाश आणि छाया ह्यांच्या भाषेत रचलेली आहेत. अनारकलीचे प्रेम ह्या जगात लपून असते. ते अंधाऱ्या बागेत, कुजबुजीत, पिसाच्या स्पर्शात व्यक्त होते. आणि मग शीशमहालात ती सम्राटासमोर आपले प्रेम उघड करते, त्या क्षणाच्या उंबरठ्यावर पडदा एकाएकी रंगाने भरून जातो. भयाचा त्याग आणि रंगाचा प्रवेश ह्या दोन घटना एकच होतात. छतावरील असंख्य आरशांत तिचे प्रतिबिंब उमटते तेव्हा ज्याला लपवावयाचे होते ते सर्वत्र दिसू लागते. मर्ढेकरांनी लयीचे जे प्रकार कल्पिले त्यांतील विरोधलयीचे इतके मोठे, इतके दृश्य उदाहरण हिंदी चित्रपटांत सहसा आढळत नाही. ते आसिफ यांनी योजले नव्हते, म्हणून त्याचे मूल्य कमी होत नाही. कलाकृतीचा घाट हा कर्त्याच्या हेतूंची बेरीज नसतो. कवीला सुचलेला पहिला शब्द छंदात बसला नाही म्हणून त्याने दुसरा घातला आणि तोच कवितेचा प्राण ठरला, असे अनेकदा घडते. म्हणून कोणी संपादक छंद मोडून पहिला शब्द परत बसवीत नाही.

१२ नोव्हेंबर २००४ रोजी, दिवाळीच्या सुमारास, निर्मितिसंस्थेच्या वारसदारांनी हा चित्रपट संपूर्ण रंगीत करून पुन्हा आणला. मूळ लांबी १९७ मिनिटांची होती. ती १७७ मिनिटांवर आणली गेली. नौशाद यांच्या देखरेखीखाली पार्श्वसंगीत बहुमार्गी ध्वनियोजनेसाठी नव्याने ध्वनिमुद्रित झाले, गाण्यांतील मूळ आवाज तेवढे कायम ठेवले. १७७ मिनिटे म्हणजे सुमारे अडीच लाख चौकटी. त्यांतील बहुतेकांवर रंग चढवावयाचा, आणि तत्पूर्वी जीर्ण झालेल्या निगेटिव्हवरील ओरखडे व डाग काढावयाचे, हे काम किती चिकाटीचे होते ह्याची कल्पना त्या संख्येवरून यावी. करणाऱ्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. आसिफ यांची अपुरी राहिलेली इच्छा आपण पुरी केली, असे त्या प्रयत्नाचे समर्थन करण्यात आले, आणि १९७१ मध्ये दिवंगत झालेल्या दिग्दर्शकाची तशी इच्छा होती हे वर आलेच आहे.

परंतु इच्छा पुरी झाली ती कोणती? आसिफ यांना रंगात पुन्हा चित्रीकरण करावयाचे होते. चित्रित झालेल्या कृष्णधवल फितीवर रंग चढवावयाचा नव्हता. ह्या दोहोंतील अंतर केवळ तांत्रिक नाही. छायाचित्रकार आर. डी. माथुर यांनी कृष्णधवल दृश्ये रचली ती उजेडाच्या पायऱ्यांवर. पुढची व्यक्ती मागच्या भिंतीपासून वेगळी दिसते ती तिच्या चेहऱ्यावर पडलेल्या प्रकाशामुळे, वस्त्राच्या रंगामुळे नव्हे. तेथे मागाहून रंग आला, की मागचा गालिचा आणि बाजूचा पडदा हे दोघेही बोलू लागतात आणि चेहऱ्याला आपला आवाज चढवावा लागतो. मधुबालेच्या ज्या निकटदृश्यांत केवळ गाल आणि पापणी ह्यांच्यावरील उजेड सरकतो, त्यांत त्वचेवर बसवलेली एकसारखी गव्हाळ छटा त्या उजेडाची सूक्ष्मता पुसून टाकते. आणि सर्वांत मोठी हानी वर वर्णिलेल्या विरोधाची. सगळेच रंगीत झाल्यावर शीशमहाल हा दुसऱ्या महालांपेक्षा अधिक झगमगीत महाल उरतो, इतकेच. ज्या इच्छेची पूर्ती म्हणून हे केले गेले त्या इच्छेला १९६० मध्ये बाजाराने अडवले होते, आणि २००४ मध्ये बाजारानेच ती पुरी केली. पहिल्या खेपेस बाजाराच्या हातून नकळत एक मोठी गोष्ट घडली होती, ती दुसऱ्या खेपेस त्याच्याच हातून मोडली.

धंद्याच्या बाजूने पाहता हा प्रयोग यशस्वी झाला ह्यात संशय नाही. सुमारे १५० प्रती काढल्या गेल्या, त्यांतील ६५ महाराष्ट्रात. ‘वीर-झारा’ आणि ‘ऐतराज’ ह्यांच्यासारख्या नव्या कोऱ्या चित्रपटांसमोर तो लागला आणि पंचवीस आठवडे चालला. चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच्या चित्रपटाला हे यश कशामुळे मिळाले? रंगांमुळे, असे उत्तर व्यवसायाने स्वतःला दिले, आणि ते खरे आहे की नाही ह्याची परीक्षा लवकरच झाली. ‘नया दौर’ (१९५७) २००७ मध्ये आणि ‘हम दोनों’ (१९६१) २०११ मध्ये रंगीत होऊन आले. दोन्ही चित्रपट उत्तम, दोन्हींतील गाणी लोकांच्या ओठांवर. तरी त्यांपैकी एकालाही तसे यश लाभले नाही. रंग हे कारण असते तर ते तिन्ही ठिकाणी सारखेच लागू पडले असते. ‘मुघल-ए-आझम’ पाहावयास लोक गेले ते मोठ्या पडद्यावरील त्या भव्यतेसाठी आणि कित्येकांच्या बाबतीत आईवडिलांकडून ऐकलेल्या एका आख्यायिकेसाठी. रंग हे निमित्त होते. निमित्ताला कारण समजणे ही व्यापारातील चूक महागात पडते. तिचा भुर्दंड मात्र व्यापाऱ्याबरोबर कृतीलाही बसतो, कारण रंगीत प्रत एकदा निघाली की दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांना सामान्यतः तीच हवी असते.

अमेरिकेत हाच प्रश्न १९८०च्या दशकात ऐरणीवर आला होता. टेड टर्नर यांनी १९८६ मध्ये एम.जी.एम.चा जुना चित्रपटसंग्रह विकत घेतला आणि त्यातील कृष्णधवल चित्रपट संगणकाच्या साहाय्याने रंगवून दूरचित्रवाणीवर दाखवण्यास आरंभ केला. ह्यामागे रसिकांची आवड जितकी होती तितकाच एक कायद्याचा हिशेब होता, आणि समीक्षक बहुधा तो विसरतात. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने १९८७ मध्ये निर्णय दिला, की रंगवलेल्या आवृत्तीची स्वतंत्र साधित कृती म्हणून नोंद होऊ शकते. म्हणजे मूळ चित्रपटाचा हक्क संपत आला असला, तरी रंगीत आवृत्तीचा हक्क नव्याने सुरू होतो. असे झाले म्हणजे मूळ प्रत लोकांना सहज मिळू देण्यात मालकाचा तोटा आणि ती दृष्टीआड ठेवण्यात फायदा. कलेच्या इतिहासात पुसून टाकण्याला इतके सरळ बक्षीस क्वचितच लागले असेल.

जॉन ह्यूस्टन यांच्या ‘द अ‍ॅस्फाल्ट जंगल’ (१९५०) ह्या चित्रपटाची रंगीत प्रत फ्रेंच दूरचित्रवाणीवर दाखवण्याचा घाट १९८८ मध्ये घातला गेला, तेव्हा दिवंगत दिग्दर्शकाचे वारस आणि सहलेखक बेन मॅडो न्यायालयात गेले. वरिष्ठ फ्रेंच न्यायालयाने २८ मे १९९१ रोजी त्यांच्या बाजूने निर्णय दिला : अमेरिकी कायद्याने हक्क कोणाकडेही असोत, फ्रान्समध्ये कर्त्याचा आपल्या कृतीच्या अभंगतेवरील नैतिक अधिकार अबाधित आहे. अमेरिकेने १९८८ मध्ये केलेला कायदा ह्यामानाने सौम्य होता. त्याने राष्ट्रीय चित्रपट नोंदवही निर्माण केली आणि तीत निवडलेल्या चित्रपटांत मोठे फेरफार केल्यास तशी सूचना प्रेक्षकांना देणे बंधनकारक केले. बंदी नाही, केवळ नामनिर्देश. ह्या सौम्यपणाची पुष्कळांनी हेटाळणी केली. पण संहिताशास्त्राच्या दृष्टीने पाहणाऱ्याला नामनिर्देश हे अर्धे काम झाल्यासारखे वाटेल.

भारतात ही अर्धी सोयसुद्धा नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा ‘कर्ता’ म्हणजे निर्माता अशी व्याख्या आहे. कर्त्याच्या विशेष अधिकारांचे ५७ वे कलम त्या कायद्यात आहे खरे, परंतु दिग्दर्शक हा कर्ताच नसल्याने त्याला त्याचा आधार घेता येणे अवघड. २०१० च्या सुधारणा विधेयकात प्रमुख दिग्दर्शकाला सहकर्ता मानण्याची तरतूद सुचवली गेली होती. २०१२ मध्ये कायदा संमत झाला तेव्हा ती वगळली गेली.

ह्या सर्व व्यवहाराचे आर्थिक रूप सर्वांत स्पष्ट दिसते ते ‘स्टार वॉर्स’ (१९७७) ह्या चित्रपटाच्या बाबतीत. जॉर्ज लुकास यांनी १९८८ मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर साक्ष देऊन जुन्या चित्रपटांत फेरफार करण्याला कडाडून विरोध केला होता. त्यानंतर नऊ वर्षांनी, १९९७ मध्ये, त्यांनीच आपले तीन चित्रपट ‘विशेष आवृत्ती’ म्हणून पुन्हा आणले. नवी संगणकीय दृश्ये घातली, एका प्रसंगात तर प्रतिपक्षाच्या माणसाने आधी गोळी झाडली असे दाखवून नायकसदृश पात्राच्या स्वभावातील धूर्त निर्दयताच काढून टाकली. पहिल्या चित्रपटाने त्या वर्षी अमेरिकेत सुमारे १३ कोटी ८० लाख डॉलर मिळवले. पाठोपाठ आलेल्या दुसऱ्याने सुमारे ६ कोटी ७० लाख, तिसऱ्याने सुमारे ४ कोटी ५० लाख. हे आकडे ज्या क्रमाने उतरतात त्यावरून एवढे दिसते, की नवेपणाची किंमत पहिल्या खेपेला भरपूर येते आणि मग झपाट्याने घटते. परंतु खरा परिणाम आकड्यांत नाही. १९९७ नंतर मूळ आवृत्ती वितरणातून जवळजवळ काढून घेतली गेली. २००६ मध्ये ती डी.व्ही.डी.वर आली, तीही जुन्या लेसरडिस्कसाठी तयार केलेल्या हलक्या दर्जाच्या प्रतीवरून, जोडपत्र म्हणून. राष्ट्रीय नोंदवहीच्या पहिल्याच यादीत, १९८९ मध्ये, जो चित्रपट निवडला गेला होता तो लोकांना पाहावयास मिळेना. २०२५ च्या जून महिन्यात लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने १९७७ ची एक अस्सल प्रत दाखवली, तेव्हा ती बातमी जगभर झाली. जो चित्रपट एके काळी गावोगावी लागला होता, त्याची मूळ प्रत दिसणे ही वार्ता व्हावी, ह्यात वर मांडलेला सारा मुद्दा आला.

दिग्दर्शकच बदल करतो तेव्हाही तो शहाणपणाचा असतो असे नाही. स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी ‘ई.टी.’ (१९८२) २००२ मध्ये पुन्हा आणताना पोलिसांच्या हातांतील बंदुका पुसून तेथे बिनतारी संदेशयंत्रे ठेवली. पुढे त्यांना त्याचा पश्चात्ताप झाला आणि २०१२ मध्ये घरगुती वितरणासाठी मूळ आवृत्तीच काढण्यात आली. ‘टायटॅनिक’ (१९९७) २०१२ मध्ये त्रिमिती होऊन आला, तेव्हा त्याने जगभर सुमारे ३४ कोटी डॉलर मिळवले. त्यांपैकी सुमारे साडेचौदा कोटी एकट्या चीनमधून आले. मधल्या काळात तेथे चित्रगृहांची संख्या अफाट वाढली होती. म्हणजे त्या यशाचा मोठा वाटा तिसऱ्या मितीचा नसून नव्या खुर्च्यांचा होता.

‘शोले’ (१९७५) हा चित्रपट ह्या विवेचनात एक गुंता निर्माण करतो, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २०१४ च्या जानेवारीत त्याची त्रिमिती आवृत्ती आली. दिग्दर्शक रमेश सिप्पी यांनी न्यायालयात विरोध केला, पण प्रदर्शन थांबले नाही. ह्या प्रकारात वेगळे काही नाही. गुंता आहे तो मूळ आवृत्तीचाच. सिप्पी यांनी चित्रित केलेल्या शेवटात ठाकूर आपल्या खिळे ठोकलेल्या बुटांनी गब्बरला ठार करतो. आणीबाणीच्या काळात अभ्यवेक्षण मंडळाला हा शेवट मान्य झाला नाही, म्हणून ऐन वेळी पोलीस येऊन गब्बरला ताब्यात घेतात असे दृश्य घालावे लागले. जून २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्या येथे फिल्म हेरिटेज फाउंडेशनने पुनरुद्धार केलेली प्रत दाखवली गेली, तीत पहिला शेवट परत आला. मग प्रमाण संहिता कोणती? कर्त्याने रचलेली, की पन्नास वर्षे लोकांनी पाहिलेली? पूर्वी पोलीस अधिकारी असलेला माणूस कायदा हाती घेतो की शेवटच्या क्षणी कायद्यापुढे मान तुकवतो, ह्यावर त्या पात्राचा सारा अर्थ अवलंबून आहे. आणि मंडळाने लादलेला शेवट हा अर्थाच्या दृष्टीने प्रक्षेप ठरतो. तरीसुद्धा तो फेकून देण्याजोगा नाही. १९७५ साली भारतात पडद्यावर काय दाखवता येत नव्हते, ह्याचा तो दस्तऐवज आहे. चिकित्सित आवृत्तीचा संपादकही नाकारलेले पाठ जाळून टाकीत नाही; तो ते तळटीपेत ठेवतो.

‘शोले’मध्ये निदान दोन्ही शेवट एकाच दिग्दर्शकाने, त्याच नटांकडून करवून घेतलेले होते. ‘रांझणा’ (२०१३) ह्या चित्रपटाच्या बाबतीत ही शेवटची मर्यादाही ओलांडली गेली. आनंद एल. राय यांच्या ह्या चित्रपटाची ‘अंबिकापती’ ही तमिळ आवृत्ती १ ऑगस्ट २०२५ रोजी पुन्हा प्रदर्शित झाली, ती कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने बदललेला शेवट घेऊन. मूळ कथेत मरणारा कुंदन ह्या आवृत्तीत वाचतो. दिग्दर्शक आणि नायक धनुष ह्या दोघांनीही जाहीर निषेध केला. हक्क निर्मितिसंस्थेकडे होते. ह्या प्रकाराची चर्चा बव्हंशी यंत्राच्या भयाभोवती झाली. कथेचे काय झाले, हे थोड्यांनीच पाहिले. कुंदनच्या हट्टी, पाठलाग करणाऱ्या प्रेमामुळे एका माणसाचा जीव गेलेला असतो. झोयाच्या प्रियकराचे खरे नाव तो उघड करतो, आणि त्यातूनच तो तरुण मारहाणीत बळी पडतो. उत्तरार्ध हा त्या अपराधाच्या प्रायश्चित्ताचा आहे, आणि मृत्यू समोर दिसत असताना कुंदन त्याच्याकडे चालत जातो म्हणूनच त्याच्याविषयी प्रेक्षकाच्या मनात काही कणव उरते. तो वाचला, की प्रायश्चित्ताचा हिशेब अपुरा राहतो आणि पूर्वार्धातील त्याचे वर्तन एकाएकी निर्दोष ठरते. सुखान्त केल्याने चित्रपट गोड झाला नाही. अधिक क्रूर झाला. ज्याने हा बदल विकला त्याच्या हे ध्यानात येण्याचे कारण नव्हते, कारण त्याच्या लेखी शेवट म्हणजे वेगळा काढून दुसरा बसवता येण्याजोगा एक सुटा भाग होता. येथे खर्चाचा मुद्दा निर्णायक आहे. अडीच लाख चौकटी रंगवण्याला वेळ, पैसा आणि माणसे लागत. म्हणून कोणता चित्रपट त्या श्रमाला पात्र आहे हे निवडावे लागे. तो अडसर जसजसा दूर होईल, तसतशी निवडीची गरजही नाहीशी होईल.

आणि हे सर्व अटळ आहे असेही नाही. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला. शेवटी पुढील भागाची घोषणा जोडली होती, एवढे सोडल्यास त्याच्या संहितेला कोणी हात लावला नव्हता. त्याने पहिल्या प्रदर्शनाहून अधिक मिळकत केली. त्याच वर्षी साजिद अली यांचा ‘लैला मजनू’ (२०१८) ह्या चित्रपटाचेही तसेच झाले. पहिल्या खेपेस ज्यांना प्रेक्षक कमी लाभला त्या कृतींना, मधल्या काळात घरोघरी पाहिल्या गेल्याने, दुसऱ्या खेपेस तो लाभला. नवेपणाशिवाय जुने विकत नाही, हा व्यवसायाचा सिद्धान्त ह्या दोन उदाहरणांपुढे टिकत नाही. अर्थात ही उदाहरणे अलीकडच्या चित्रपटांची आहेत, आणि साठ वर्षांपूर्वीच्या कृष्णधवल चित्रपटाला तोच न्याय लागू होईल असे छातीठोकपणे सांगणे धाडसाचे होईल. परंतु तसा प्रयत्न गंभीरपणे करून पाहिला गेला आहे, असेही दिसत नाही.

तूर्त विद्यापीठीय अभ्यासापुढे ह्यातून एक साधी आणि निकडीची अडचण उभी राहते. प्रबंधांत आणि लेखांत चित्रपटाचा उल्लेख नाव व वर्ष एवढ्यानेच करण्याची रूढी आहे. ज्ञानेश्वरीवर लिहिणारा विद्यार्थी कोणत्या प्रतीचा पाठ घेतला ते सांगितल्याखेरीज एक ओवीही उद्धृत करीत नाही. तोच विद्यार्थी ‘मुघल-ए-आझम (१९६०)’ असे लिहून २००४ च्या आवृत्तीतील जोधाबाईच्या वस्त्रांच्या रंगांचा अर्थ लावून मोकळा होतो. त्या रंगांची निवड आसिफ यांची नव्हे, आणि १९७ मिनिटांपैकी वीस मिनिटे त्याने पाहिलेलीच नसतात. निदान पाहिलेल्या प्रतीचे वर्ष, तिची लांबी मिनिटांत, आणि ती कोठे पाहिली, एवढ्या तीन गोष्टी प्रत्येक उल्लेखासोबत नोंदल्या जाव्यात. आणि ज्या चित्रपटाच्या एकाहून अधिक आवृत्त्या उपलब्ध असतील त्याच्या अभ्यासात त्या ताडून पाहिल्याचा पुरावा परीक्षकांनी मागावा.